पुढे न म्हटलेली पायरी

खडू फळ्याखालच्या खाचेत ठेवून झाला होता, बोटांवरची पूड रुमालाला पुसून झाली होती, आणि तरीही सर ‘पुढे’ म्हणाले नव्हते. खिडकीतून आलेला उन्हाचा चौकोन फळ्याच्या डाव्या कडेवरून सरकत शेवटच्या ओळीपाशी येऊन थबकला होता, जणू त्यालाही कुणाची तरी परवानगी हवी होती. ती फळ्याकडे तोंड करून तशीच उभी राहिली. कारण वळणं म्हणजे विचारणं झालं असतं, आणि विचारायचं नाही हा तर नियमच होता. नियम सरांनीच घातलेला, ती त्यांची विद्यार्थिनी होती तेव्हा. एकानं लिहायचं; लिहिणाऱ्यानं खडू खाली ठेवेपर्यंत दुसऱ्यानं तोंड उघडायचं नाही; खडू खाली आला आणि पायरी पटली की एकच शब्द, ‘पुढे’; पटली नाही तर काही म्हणजे काही बोलायचं नाही. चूक दाखवायची तर मुळीच नाही. “दाखवलेली चूक उसनी असते, प्राध्यापकबाई,” सर म्हणत, “स्वतःला सापडलेली तेवढी घरची.” तेव्हा ती प्राध्यापक नव्हती, बाई म्हणावं इतकी मोठीही नव्हती, थट्टेत चिकटवलेलं ते नाव वर्षांनी खरं ठरलं. सर निवृत्त झाले, त्यांची ही खोली तिच्या नावावर आली, आणि तरी दर गुरुवारी सकाळी सर खिडकीजवळच्या त्याच खुर्चीत येऊन बसत राहिले. खोली कुणाची हा प्रश्न दोघांनीही कधी सोडवायला घेतला नाही.

सरांच्या मौनाचे प्रकार तिला पाठ होते. एक होतं मांजरासारखं दबा धरून बसलेलं. त्यात खुर्ची किंचित पुढे सरकल्याचा आवाज येई. एक होतं खोडकर, ज्यात सर नाकातून श्वास जरा जास्त सोडत. एक दुर्मीळ मौन होतं, सर स्वतःच आनंदून गेल्यावरचं; त्यानंतर येणारा ‘पुढे’ कुजबुजल्यासारखा येई. पण आजचं मौन यांतलं कुठलंच नव्हतं. ते नुसतं होतं. रिकाम्या भांड्यात असते तशी त्यात थोडी गार हवा होती. आणि मग पाठीमागून सरांचा आवाज आला, मोकळा, प्रेमळ, अगदी नेहमीचा: “चहा घ्यायचा का?” उपाहारगृहाकडे जाताना जिन्याच्या वळणावर त्यांनी विचारलं, “मुलीची परीक्षा कधी संपतेय?” तिची मुलगी नोकरीला लागून दीड वर्ष झालं होतं, आणि पहिल्या पगारातून तिनं सरांना मफलर आणला होता, तो या क्षणी सरांच्या गळ्यात होता. “संपली, सर,” ती म्हणाली. तेही खोटं नव्हतं.

दुपारभर ती खोलीत एकटीच त्या ओळीसमोर बसली. पण ओळ दिसतच नव्हती, दिसत होती ती फक्त खुर्ची. प्रश्न दोनच होते आणि दोन्ही तिला नको होते. पायरी चुकली असेल, तर चार वर्षांचं काम एका ओळीवरून घसरून खाली येणार. आणि पायरी बरोबर असेल, तर मग सर गप्प का राहिले? तर मग त्या खुर्चीत बसलेल्या माणसाला आता ती पायरी दिसतच नाही, अर्ध्या वाटेवर त्याचं बोट सुटलं आहे, आणि ते कळू नये म्हणून त्यानं आपल्याच जुन्या नियमाच्या आडोशाला उभं राहून चहाचं नाव काढलं. दुसरी शक्यता मनात आली आणि तिला जाणवलं की आपण मनोमन चुकीच्या बाजूनं उभ्या आहोत. चूक असू दे. देवा, आजवर कुठल्या गणितीनं मागितलं नसेल ते मी मागते: माझी सिद्धता खोटी निघू दे.

काम होतं भोवऱ्यांचं. अतिथंड धातूच्या पत्र्यात चुंबकाचं बळ शिरू पाहतं तेव्हा ते सरसकट शिरत नाही. टाचणीनं टोचल्यासारखं ठरावीक ठिकाणीच शिरतं, आणि त्या प्रत्येक ठिकाणाभोवती विजेचा एक सूक्ष्म भोवरा फिरत राहतो. तिनं असा पत्रा उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. तिच्या वाट्याला आली होती त्या भोवऱ्यांची समीकरणं: दोन अज्ञातं, एकमेकांच्या समीकरणात पाय अडकवून बसलेली. विद्यार्थ्यांना ती सांगे, एक खोली कल्पा. तिला भिंती आहेत, पण उजव्या भिंतीतून जो बाहेर पडतो तो डाव्या भिंतीतून आत येतो; छतातून गेलेला जमिनीतून उगवतो. तिथून कुणाला जाताच येत नाही. त्या खोलीवर दोन चादरी अंथरल्या आहेत, एकीवर एक. त्याच आपल्या दोन अज्ञात राशी. जिथे जिथे भोवरा आहे तिथे चादर तळ नसलेल्या विहिरीसारखी खाली खेचली जाते. बाकी सगळीकडे ती शून्याच्या किंचित खाली, शांत, जवळजवळ सपाट असते. आणि खोलीत जागा पुरेशी असावी लागते. इतक्या क्षेत्रफळात इतकेच भोवरे मावतात, वर एकही नाही. मागच्या बाकावरचं कुणीतरी दरवर्षी म्हणे, “म्हणजे घरासारखंच,” आणि वर्ग दरवर्षी हसे. नवऱ्याला चष्म्यांचं दुकान होतं, लग्नानंतर त्यानं एकदा तिच्या कागदावर डोकावून विचारलं होतं, “लंबवर्तुळी समीकरणं? ती तर माझ्याकडे भिंतीवर टांगलेली असतात. कुठल्या रंगाची फ्रेम हवीय?” तो विनोद तो अजूनही पाहुण्यांना ऐकवी, आणि ती अजूनही पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हसे, संसार म्हणजे तरी दुसरं काय!

दोन चादरी मांडण्याची एक पद्धत तिला आणि सरांना केव्हाच सापडली होती. वरून सुरुवात करून पायरीपायरीनं खाली उतरत गेलं की ती आपोआप हाती लागे. पण दुसरीही एक मांडणी असली पाहिजे, असं सरांना वाटे. नुसतं वाटे. पुरावा नव्हता. “एका प्रश्नाला एकच उत्तर असणं हे जरा दरिद्री वाटतं मला,” ते म्हणत. ती दुसरी उकल शोधायला दोघं बसली होती, आणि तिनं त्या उकलीला वरून एक आणि खालून एक अशा दोन ओळखीच्या पृष्ठभागांच्या चिमटीत धरलं होतं. चिमटा मिटला, असं ती शेवटची ओळ म्हणत होती. मिटला होता की नाही?

संध्याकाळी तिनं सरांच्या घरी फोन लावला. सरांच्या पत्नी, ज्यांना ती पहिल्या दिवसापासून काकू म्हणत आली होती, फोन उचलताच म्हणाल्या, “अगं, आलेत ते, व्यवस्थित आलेत. छत्री मात्र तुझ्याकडेच राहिलीय बघ.”

“नाही काकू, छत्री त्यांच्या हातात होती जाताना.”

“मग बसमध्ये. जाऊ दे, तिचं नशीब. नाहीतरी आमच्या घरात छत्र्या पाहुण्यासारख्याच येतात.”

“काकू, सर बरे आहेत ना?”

काकूंनी विचारलं, “का गं? काही म्हणाले का?”

“काही म्हणाले नाहीत. तेच तर.”

“हे बघ, हल्ली ते डोळ्यांवर चष्मा लावून घरभर चष्मा शोधत असतात. पण लग्नाच्या दुसऱ्या दिवशीही शोधतच होते. आता यातलं म्हातारपण कुठलं आणि मूळ स्वभाव कुठला, हे मी कसं सांगू? मी तर आधीपासूनच दोन्ही धरून चालले.” मग त्या हसल्या. “डोक्यावर दोन भोवरे आहेत त्यांच्या. माझी सासू म्हणायची, दोन भोवरेवाल्याची दोन लग्नं होतात. मी म्हटलं, झालीत की. एक माझ्याशी आणि एक त्या फळ्याशी. सवत गरीब आहे, उलट बोलत नाही, म्हणून चाललंय.”

फोन ठेवल्यावर ती त्या दोन भोवऱ्यांचा विचार करत राहिली. फळ्याजवळ सर बसलेले असताना आणि ती उभी असताना ते तिला वर्षानुवर्षं वरून दिसत आले होते: आधी दाट काळ्या केसांत हरवलेले, मग करड्या, आता इतक्या विरळ पांढऱ्या केसांत की कवटीच्या गुलाबी त्वचेवर कुणी पेन्सिलीनं दोन शंख काढावेत तसे उघडे. एक उजवीकडून फिरणारा, एक डावीकडून. केस झडले तरी दिशा राहते, हे तिला त्या क्षणी कुठल्याही प्रमेयाइतकं खरं वाटलं, आणि कुठल्याही प्रमेयापेक्षा कमी उपयोगाचं.

शनिवारी ती नवऱ्याच्या दुकानात बसली होती. आतल्या अंधाऱ्या खोलीत तो एका आजोबांचे डोळे तपासत होता, आणि त्याचा आवाज पडद्याआडून येत होता, त्याच त्या संथ लयीत: “हे बरं की हे? आता हे बरं की आधीचं?” आजोबा म्हणाले, “दोन्ही बरी आहेत हो. तुम्हीच ठरवा ना!” तिला ते उत्तर आवडलं. काउंटरच्या काचेवर तिनं पुसायच्या द्रवाचा फवारा मारला, आणि पुसण्याऐवजी त्या ओल्या धुक्यावर बोटानं ती ओळ लिहिली. घरी, खोलीत, कागदावर ती ओळ शंभरदा पाहून झाली होती. पण ओल्या काचेवर बोटानं लिहिताना अक्षरं मोठी येतात, घाई करता येत नाही, आणि हात जिथे नेहमी सवयीनं पुढे जातो तिथेच जरा अडखळतो. अडखळला. एक चादर वर उचलली की दुसरीही वर उचलली जाते. चिमटा मिटतो तो याच भरवशावर. हे तिला आपल्या पत्त्यासारखं पाठ होतं. या समीकरणांवर काम करणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतं. पण ते खरं असतं चादरी शून्याच्या खाली असतात तोवर. उत्तरं नेहमी शून्याच्या खालीच राहतात, म्हणून कुणी त्याचा उच्चारही करत नाही. आणि तिनं चिमट्याचा वरचा भाग म्हणून जो पृष्ठभाग निवडला होता, तो भोवऱ्यांपासून दूर, खोलीच्या मधोमध, शून्याच्या वर जेमतेम डोकं काढत होता. वर गेलं की समीकरणातलं दोघींना बांधणारं पद उलटतं. तिथे एक चढली की दुसरी दबते. खाली असताना ज्या एकमेकींना हात देतात, त्याच वर गेल्यावर एकमेकींचे पाय ओढतात. चिमटा मिटला नव्हता. मिटणार नव्हता.

ती हसली. इतक्या मोठ्यानं, की पडद्याआडून नवरा म्हणाला, “काय झालं?”

“चुकलंय!” ती म्हणाली. “अरे, सगळं चुकलंय!”

“बाईसाहेब, इथे डोळे तपासायला माणसं बसलीत. चुकलं असेल तर हळू सांगा.” आजोबा मात्र म्हणाले, “हसतायत म्हणजे काही तरी बरंच चुकलं असणार.”

तो बाहेर आला तोवर काच वाळत आली होती आणि ओळ कडांपासून नाहीशी होत होती. सरांना दिसलं होतं, ती सांगत सुटली, सरांना तिथल्या तिथे दिसलं होतं, म्हणून ते बोलले नाहीत, मी उगाच आपलं नाही नाही ते. नवऱ्यानं ऐकून घेतलं आणि फडक्यानं काउंटर पुसून टाकला. “चार वर्षांचं काम बुडालं म्हणून पेढे मागणारी बायको माझ्याच नशिबी,” तो म्हणाला, पण फडकं पिळताना त्यानं तिच्याकडे एकदा नीट पाहिलं, पेशंटकडे पाहतो तसं, आणि विचारलं, “दिसलं होतं हे ते स्वतः म्हणाले का?” “ते कसं म्हणतील? नियम आहे ना.” “हं,” तो म्हणाला. एवढंच. पण त्या ‘हं’नं काचेवर पुन्हा धुकं धरलं. पायरी चुकली होती हे खरं; सर गप्प राहिले हेही खरं; पण म्हणून पहिल्यामुळे दुसरं झालं असं कुठे होतं? बंद पडलेलं घड्याळही दिवसातून दोनदा बरोबर वेळ दाखवतं. तिला स्वतःच्या या तुलनेची लाज वाटली, आणि लाज वाटली तरी ती तुलना जागची हलली नाही.

रविवारी सकाळी गच्चीवरच्या दोरीवरून वाळलेल्या चादरी काढून नवरा-बायको त्यांच्या घड्या घालत होते. वेळ वाचावा म्हणून त्यानं दोन्ही चादरी एकावर एक धरल्या होत्या. टोकं जुळत नव्हती, आतली चादर घसरत होती. “ओढ ना!” तो म्हणाला. “मी ओढतेय, तूच सैल सोडतोयस.” “मी सैल सोडतोय कारण तू ओढतेयस.” “मग मी सोडते.” तिनं सोडलं आणि दोन्ही चादरी पोटाशी लोंबल्या. मग काही न ठरवता दोघंही थोडं थोडं मागं सरकली, ताण आला, आणि वरची चादर खालच्या चादरीवर स्वतःहून, कुणी हात न लावता, आपल्या जागी सरकून बसली. तिचे हात तसेच राहिले. नवरा घडी पुढे आणण्यासाठी जवळ येत होता आणि ती जागची हलत नव्हती. “काय झालं? आता काय चुकलं?” तो म्हणाला. काही चुकलं नव्हतं. त्या दोन अज्ञातांना आपण चार वर्षं वेगवेगळं विचारत होतो, तू कुठे आहेस आणि तू कुठे आहेस, आणि म्हणून दोघी भांडत होत्या. त्यांची बेरीज ही एक चादर धरावी, वजाबाकी ही दुसरी. बेरीज एकदा ताणून पक्की धरली की वजाबाकीला बसायला एकच जागा उरते, आणि ती जागा तिची तीच शोधते. मग प्रश्न उरतो फक्त बेरजेचा, आणि बेरजेचा प्रदेश तिच्या ओळखीचा होता. ऊर्जेच्या नकाशात पहिली उकल म्हणजे एक खोलगट दरी. पलीकडे, फार दूर, त्याहूनही खोल उतार. इकडून तिकडे कुठल्याही वाटेनं जा, मधली डोंगरकड ओलांडावीच लागते. साऱ्या वाटांमधली ज्या वाटेची चढण सगळ्यांत कमी, तिच्या माथ्यावर खिंड असते. त्या खिंडीत दुसरी उकल बसलेली असणार. शून्याच्या वर डोकं काढायची गरजच नव्हती. नवऱ्यानं तिच्या हातातली टोकं अलगद काढून घेतली आणि एकट्यानंच घडी घातली. तीस वर्षांत त्याला एवढं कळू लागलं होतं की ही बाई उभ्या उभ्या लांब गेली की तिच्या हातातलं सामान आपण घ्यायचं.

गुरुवारपर्यंत तिनं सगळं तपासलं, उलटसुलट, आणि ते उभं राहिलं. पहिल्यांदाच असं होत होतं की कुणी ‘पुढे’ म्हणण्याआधी तिला पुढचं खरं आहे हे माहीत होतं. त्या जाणिवेत सुख होतं, आणि त्या सुखाच्या पोटात एक बारीकसं पोरकेपण. आणि त्या पोरकेपणातून, कुठून कोण जाणे, तिला एक युक्ती सुचली होती, जी तिनं नवऱ्यालाही सांगितली नाही. बेरीज-वजाबाकीच्या ओळीत वजाबाकीच्या पदाआधी उणे चिन्ह येतं. तिथे मुद्दाम अधिक लिहायचं. सगळी इमारत त्या उण्यावर उभी आहे. ज्याला विषय दिसतो त्याला ते अधिक डोळ्यात कुसळासारखं खुपेल, आणि सर गप्प राहतील. आणि ज्याला दिसत नाही तो सौजन्यानं म्हणेल, ‘पुढे’. मग कळेल. एकदाचं कळून जाईल.

सर आले. मफलर होता, छत्री नवी होती. “तुझी काकू म्हणते, ही हरवलीत तर मलाही बसमध्येच सोडून या,” असं म्हणत त्यांनी छत्री खिडकीच्या कडीला लटकवली, खुर्चीत बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि फळ्याकडे पाहू लागले, जसे शाळेत पहिल्या दिवशी मुलं पाहतात. तिनं आधीची ओळ पुसली. का पुसली ते सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही. तिनं दोन अज्ञातं लिहिली, त्यांची बेरीज लिहिली, वजाबाकी लिहिली. खडू ठेवला. “पुढे,” सर म्हणाले. तिनं ऊर्जेचं सूत्र लिहायला घेतलं. बेरजेचं पद झालं. मग तिनं एक आडवी रेघ काढली, वजाबाकीच्या पदाआधीची. उणे. अधिक करायला आता त्यावर फक्त एक उभी रेघ हवी होती, बोटभरही नाही. खडू त्या आडव्या रेघेच्या वर थांबला. मागे खुर्ची हलली नाही. बाहेर कुणीतरी जिन्यावरून बादली घेऊन उतरत होतं आणि पायरीगणिक कडी वाजत होती. तिला त्या क्षणी सरांचे गुडघ्यांवर ठेवलेले हात न बघता दिसले, नखांत अडकलेली वर्षांची खडूची पूड दिसली. आणि तिला कळलं की या फळ्यावर आजवर दोघांनीही असंख्य चुका केल्या, पण त्यांतली एकही खोटी नव्हती. उभी रेघ काढली की इथे पहिल्यांदाच काहीतरी खोटं लिहिलं जाईल, आणि मग ‘पुढे’ आला काय नि न आला काय. खडू तसाच हवेत होता.

“पुढे,” सर म्हणाले.

ती दचकली. खडू हातात असताना सर कधीच, एकदाही बोलले नव्हते. नियम त्यांचाच होता. विसरले? की तिचा हात कशावर थांबला आहे हे त्यांना दिसलं, आणि तिला त्या रेघेपासून परत आणायला त्यांनी आपला नियम मोडला? तिनं वळून पाहिलं नाही. खडू उण्याच्या पुढे सरकवला आणि लिहीत गेली. आणि आता हात जड नव्हता. दरी आली, कड आली, साऱ्या वाटांतली सगळ्यांत कमी चढणीची वाट आली. प्रत्येक वेळी खडू खाली येई आणि मागून शब्द येई, कधी लगेच, कधी थोडा रेंगाळून, आणि रेंगाळणं कशाचं हे मोजायचं तिनं सोडून दिलं होतं. उन्हाचा चौकोन फळ्यावर आला आणि त्यात पूड सोन्यासारखी तरंगू लागली. शेवटची ओळ लिहिली. खिंडीत दुसरी उकल होती. शून्याच्या खाली, शांत, पहिलीहून वेगळी, आणि पहिलीइतकीच खरी. तिनं खडू खाचेत ठेवला.

मागून काहीच आलं नाही. यानंतर पुढे काही नव्हतंच.

ती वळली. सरांचे डोळे फळ्यावर होते, ओलसर, आणि चेहऱ्यावर ते दुर्मीळ मौन होतं, आनंदाचं. की नुसतंच ऊन होतं? “दरिद्री नाही म्हणजे,” ते स्वतःशीच म्हणाले. “दोन आहेत.” मग ते सावकाश उठले, गळ्यातला मफलर नीट केला, फळ्याजवळ आले आणि खाचेतला तो खडूचा तुकडा उचलून त्यांनी तिच्या तळहातावर ठेवला. वाकताना ते दोन भोवरे तिच्या डोळ्यांसमोर आले, एक उजवीकडून फिरणारा, एक डावीकडून. विचारायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, आणि विचारलं. “सर, मागच्या गुरुवारी. ती ओळ चुकलीय हे तुम्हाला तेव्हाच दिसलं होतं ना?”

सरांनी तिच्याकडे पाहिलं, फार प्रेमानं. आठवत असल्यासारखं, किंवा आठवायचं कारण नसल्यासारखं. मग खिडकीच्या कडीची छत्री न विसरता काढून घेतली, उजव्या भिंतीतल्या दारापाशी गेले, आणि बाहेर पडले. त्यांच्या पावलांचा आवाज जिन्यावर उतरत गेला. तळहातावरचा खडू अजून त्यांच्या बोटांनी कोमट होता. तो मुठीत धरून ती, स्वतःच्याही नकळत, हसऱ्या चेहऱ्यानं डाव्या भिंतीकडे बघत राहिली, जणू तिथून कुणी आत येणार होतं.